नानक या नावाचे वारस

मराठी वाचकाने गुरू ग्रंथ साहिब पहिल्यांदा उघडला की तो एका जागी हमखास अडखळतो. आपल्याकडे पदाच्या शेवटी येणारी मुद्रिका ज्याची त्याची असते. नामदेवांची वेगळी, जनाबाईंची वेगळी, तुकोबांची वेगळी. ग्रंथ साहिबमध्ये मात्र ‘नानक’ ही मुद्रिका सहा जणांनी वापरली आहे. पहिले गुरू नानक, दुसरे अंगद, तिसरे अमरदास, चौथे रामदास, पाचवे अर्जन आणि नववे तेगबहादूर. यातले तेगबहादूर १६२१ साली जन्मले, म्हणजे नानकांच्या मृत्यूनंतर ब्याऐंशी वर्षांनी. तरी पदाच्या शेवटी नाव येते ते नानकांचेच. कोणते पद कोणाचे हे कळावे म्हणून वर ‘महला १’, ‘महला ३’, ‘महला ५’ अशी खूण केलेली असते. खूण नसती तर सहा कवींचा एकच कवी झाला असता.

नानकांना शीख धर्माचे संस्थापक म्हणताना नेमके काय म्हणायचे असते, याचा विचार मला या मुद्रिकेपासून करावासा वाटतो. पंधराव्या-सोळाव्या शतकात निर्गुण ईश्वराची पदे गाणारे, जातीवर आणि कर्मकांडावर तुटून पडणारे संत उत्तर भारतात अनेक होते. कबीर होते, रविदास होते. त्यांच्या नावाने पंथही निघाले. पण नानकांच्या मागे जे उभे राहिले तसे इतर कोणाच्याही मागे राहिले नाही. हा फरक नानकांच्या विचारांत जेवढा आहे तेवढाच, किंबहुना काकणभर अधिकच, त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत केलेल्या एका कामात आहे. ते काम म्हणजे आपले नाव दुसऱ्याला देऊन टाकणे.

आधी चरित्राच्या साधनांबद्दल. नानकांचे चरित्र सांगतात त्या जनमसाख्या. पुरातन जनमसाखी, मिहरबान जनमसाखी, भाई बाला परंपरेची जनमसाखी अशा त्यांच्या शाखा आहेत. त्या नानकांच्या मृत्यूनंतर काही दशकांनी, काही त्याहूनही बऱ्याच उशिरा लिहिल्या गेल्या. महिपतींच्या ‘भक्तविजया’कडे आपण जसे बघतो तसेच त्यांच्याकडे बघावे लागते. त्यांत भक्तीचे सत्य पुरेपूर आहे, पण सन-तारखांसाठी त्यांच्यावर भार टाकता येत नाही. शिवाय या शाखा निरागस नाहीत. मिहरबान हा गुरू अर्जन यांचे थोरले बंधू प्रिथीचंद यांचा मुलगा आणि या घराण्याने गुरुगादीवर स्वतःचा हक्क सांगितलेला. बाला परंपरेवर हिंदाली या वेगळ्या पंथाची छाया असल्याचे अभ्यासक दाखवतात. म्हणजे नानकांचे चरित्र सांगणे हाच मुळात वारशाच्या भांडणाचा एक भाग होता. यांच्या जोडीला भाई गुरदास यांची पहिली वार, म्हणजे दीर्घ पद्यरचना, आहे. ग्रंथ साहिबचे लेखनिक असलेल्या या विद्वानाचे वर्णन तुलनेने लवकरचे, पण तेही श्रद्धेनेच रंगलेले.

१९६८ मध्ये डब्ल्यू. एच. मॅक्लाउड या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने जनमसाख्यांतील एकेक कथा चाळणीतून काढली. योगायोग असा की ते शिकवत होते ते गाव बटाला, म्हणजे नानकांची सासुरवाडी. ठामपणे सांगता येईल असे चरित्र मोजक्या परिच्छेदांत मावते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि शीख विद्वानांत मोठे वादळ उठले. त्रिलोचन सिंग यांच्यासारख्यांनी त्यांना सडेतोड उत्तरे दिली. मला मॅक्लाउड यांची पद्धत योग्य वाटते, पण त्यांनी जे चाळणीखाली टाकून दिले ते निरुपयोगी होते असे वाटत नाही. हरिद्वारला लोक पूर्वेकडे तोंड करून पितरांना पाणी देत होते, तेव्हा नानक उलटे वळून पश्चिमेकडे पाणी उडवू लागले. विचारल्यावर म्हणाले, माझ्या पंजाबातल्या शेताला पाणी घालतो आहे. तुमचे पाणी परलोकात पोहोचते तर माझे एवढ्या जवळ का पोहोचणार नाही? हे घडले असेल किंवा नसेल. पण ज्या लोकांनी ही गोष्ट शंभर-दोनशे वर्षे एकमेकांना सांगितली, त्यांना नानक कसे कळले होते हे त्यातून स्वच्छ दिसते.

जन्मतिथीचाही असाच घोळ आहे. आपल्या कॅलेंडरांत गुरुनानक जयंती कार्तिक पौर्णिमेला, त्रिपुरारी पौर्णिमेच्या चौकटीत छापलेली असते. ही तिथी बाला परंपरेतून आली. पुरातन जनमसाखी वैशाख सांगते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमसिंग या इतिहासकाराने वैशाखाच्याच बाजूने पुस्तक लिहिले. बहुतेक अभ्यासकांचा कल तिकडेच आहे. उत्सव मात्र कार्तिकात रुजला तो रुजलाच. वर्षाबद्दल वाद नाही : १४६९.

गाव राय भोए दी तलवंडी, आजचे पाकिस्तानातील ननकाना साहिब. वडील मेहता कालू गावचे पटवारी, जात खत्री, कूळ बेदी. आई तृप्ता. थोरली बहीण नानकी हिचे लग्न सुलतानपूर लोधीच्या जयराम यांच्याशी झाले होते. त्यांच्याच ओळखीने तरुण नानकांना तिथल्या दौलतखान लोदीच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्याच्या सरकारी कोठारात, हिशेबाची नोकरी मिळाली. पत्नी सुलक्खनी, दोन मुलगे – श्रीचंद आणि लखमीदास. पटवाऱ्याचा मुलगा आणि स्वतः मोदी, ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नानकांच्या पदांत वजनमापे, खतावणी, भांडवल, नफातोटा, पेरणी-मळणी सतत डोकावते. ईश्वराच्या दरबारी आपली वही उघडली जाणार, ही त्यांची कल्पना अशा माणसाची आहे ज्याने खरोखर वह्या लिहिल्या होत्या.

सुलतानपूरच्या बेईं नदीत स्नानाला गेलेले नानक तीन दिवस दिसले नाहीत आणि परतल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते ना कोणी हिंदू, ना कोणी मुसलमान अशा अर्थाचे, असे परंपरा सांगते. पुढे ते सुमारे दोन दशके फिरले. या फिरतीला शीख परंपरा ‘उदासी’ म्हणते आणि चार दिशांच्या चार उदास्या मोजते. मक्का, बगदाद, श्रीलंका, तिबेट अशा दूरदूरच्या जागा त्यात येतात. दक्षिणेच्या उदासीत बीदरचा झरा येतो, नांदेडची माळटेकडी येते. या प्रवासांचा प्रत्येक टप्पा सिद्ध करणे अवघड आहे. मात्र सोबत रबाब वाजवणारा मर्दाना होता, तो जातीने मिरासी आणि धर्माने मुसलमान होता, याबद्दल सगळ्या परंपरांचे एकमत आहे. नानकांची बाणी पहिल्या दिवसापासून गाण्यासाठी होती. त्यांच्या नावावरच्या ९७४ रचना १९ रागांत बांधलेल्या आहेत.

या फिरतीच्या अखेरीस त्यांनी बाबराच्या स्वाऱ्या पाहिल्या. सैदपूरची, आजच्या एमिनाबादची लूट त्यांच्या चार पदांत आली आहे. त्यांना ‘बाबरवाणी’ म्हणतात. भक्तिकाव्यात समकालीन राजकारणाचा असा थेट उल्लेख दुर्मीळच. आक्रमकाचा अत्याचार त्यांनी लिहिला, देश राखता न आलेल्या लोदींना दोष दिला, विटंबना झालेल्या हिंदू आणि मुसलमान स्त्रियांचे हाल सारख्याच कळवळ्याने सांगितले आणि शेवटी प्रत्यक्ष ईश्वरालाच जाब विचारला. नानकांना केवळ शांत, मिटल्या डोळ्यांचे संत म्हणून भिंतीवर लावणाऱ्यांनी ही चार पदे अवश्य वाचावीत.

आणि मग ते घरी परतले. माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातला सर्वात महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो.

साधारण १५२० च्या आसपास रावीच्या काठी त्यांनी कर्तारपूर वसवले. (जालंधरजवळचे कर्तारपूर वेगळे, ते गुरू अर्जन यांनी वसवले आणि ग्रंथ साहिबची १६०४ ची मूळ पोथी तिथल्या सोढी घराण्याकडे राहिली. दोहोंची गल्लत फार होते.) नानकांनी प्रवासाचा फकिरी वेष उतरवला, गृहस्थाचे कपडे घातले आणि शेती सुरू केली. पहाटे जपजी, संध्याकाळी सोदर आणि आरती, मधल्या वेळी शेतात काम, आणि जे पिकेल ते सगळ्यांनी एकत्र बसून खायचे. माणसे येऊन राहू लागली, कुटुंबे वसली. नाम जपा, कष्टाने मिळवा, वाटून खा, हे शीख धर्माचे त्रिसूत्र म्हणून आज सांगितले जाते. ते कर्तारपूरच्या दिनक्रमातून निघाले आहे. सूत्र आधी सांगून मग गाव वसवले असे झाले नाही.

या गावाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळचा पंजाब डोळ्यांपुढे आणावा लागतो. अध्यात्माचा अधिकार तेव्हा घर सोडणाऱ्यांकडे होता. नाथयोगी कान फाडून, राख फासून फिरत. नाथपंथ महाराष्ट्राला परका नाही. ज्ञानदेवांची गुरुपरंपराच गहिनीनाथ-निवृत्तिनाथांची. पण पंजाबातल्या नाथांशी नानकांचा मोठा वाद झाला. ‘सिध गोष्ट’ ही त्यांची दीर्घ रचना म्हणजे हा वादच आहे. संसार सोडायचा आणि मग पोटासाठी संसारी माणसाच्याच दारात उभे राहायचे, ही विसंगती त्यांना सहन होत नव्हती. योगी, काझी, पंडित या तिघांवर त्यांनी टीका केली आणि तिघांचीही भाषा घेऊन तिला आपला अर्थ दिला. हुकूम हा शब्द त्यांनी दरबारातून उचलला आणि विश्व ज्या ईश्वरी नियमाने चालते त्याला लावला. ‘हउमै’, म्हणजे मी-मी करणारा अहंकार, हा त्या हुकमाला आडवा येणारा रोग. तो जातो नामाने आणि ‘नदर’, म्हणजे ईश्वराच्या कृपादृष्टीने. मूर्ती नाही, अवतार नाही, मध्यस्थ पुरोहित नाही. गुरू आहे, पण नानकांच्या लेखी गुरू म्हणजे मुळात शब्द. ही गोष्ट पुढे १७०८ मध्ये कळीची ठरणार होती.

जपजीत साधकाच्या प्रवासाचे पाच खंड सांगितले आहेत : धरम, ग्यान, सरम, करम आणि सच. विनोबांनी जपजीवर भाष्य लिहिले. जपजीच्या आरंभी ईश्वराची जी विशेषणे येतात त्यांतली निर्भय आणि निर्वैर ही दोन त्यांनी घेतली, त्यांना निष्पक्ष हे तिसरे जोडले आणि आचार्यकुल या आपल्या शिक्षक-संघटनेचे ब्रीद केले. आपल्याकडे जपजीचे इतके मनापासून स्वागत क्वचितच कोणी केले असेल.

नानक म्हणजे हिंदू आणि इस्लाम यांचे मिश्रण, हे शाळेच्या पुस्तकातले वाक्य आपण सोडून द्यायला हवे. मिश्रण करणारा दोन्हीकडचे थोडे थोडे घेऊन दोघांना खूश ठेवतो. नानकांनी दोघांच्याही अधिकाराचा पायाच नाकारला. मॅक्लाउड त्यांना उत्तरेच्या संतपरंपरेत बसवतात, तर शीख विद्वान नानकांना साक्षात झालेला स्वतंत्र बोध मानतात. पहिले मत भाषेला आणि कल्पनांना लागू पडते. दुसरे श्रद्धेचे आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. पण कर्तारपूरचे गाव या दोन्ही मतांच्या कक्षेत पुरते येत नाही. ती एका शहाण्या, व्यवहारी माणसाची रचना आहे.

त्या रचनेचा गाभा जेवणाच्या रांगेत होता. संगत आणि पंगत हे शीख परंपरेचे जोडशब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. पंगत आपली आहे आणि तिला चिकटलेला पंक्तिप्रपंच हा शब्दही आपलाच आहे. कोण कोणाच्या शेजारी बसणार, कोणाला आधी वाढायचे, कोणाला ओसरीवर आणि कोणाला अंगणाबाहेर, हा सगळा इतिहास त्या एका शब्दात साठला आहे. वाळवंटात भेदाभेद विसरून नाचणारे वारकरीसुद्धा जेवायला बसताना वेगळे बसत आले. नानकांच्या परंपरेने नेमके तिथेच बोट ठेवले. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला नियमच केला की आधी पंगतीला बसायचे, मग गुरूची भेट. अकबरालाही लंगरमध्ये सगळ्यांबरोबर बसावे लागले, अशी आठवण शीख परंपरेने जपली आहे. गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांचे लंगर, त्यातली तुपातली खीर, यांचा तर ग्रंथ साहिबमध्येच उल्लेख आहे. धर्मग्रंथात एका बाईच्या स्वयंपाकघराची अशी नोंद व्हावी, हे मला फार मोलाचे वाटते.

आता त्या नावाच्या वारशाकडे येऊ. नानकांना दोन मुलगे होते. थोरला श्रीचंद विरक्त, योगी वृत्तीचा. त्याच्यापासून उदासी पंथ निघाला. नानकांनी १५३९ मध्ये, मृत्यूपूर्वी, गादी दिली ती भाई लहणा या शिष्याला. लहणा पूर्वी देवीचा भक्त होता, दरवर्षी यात्रेला जाणारा. नानकांनी त्याचे नाव बदलून अंगद ठेवले, म्हणजे आपल्याच अंगाचा तुकडा. सत्ता आणि बलवंड या दोन गायकांची एक वार ग्रंथ साहिबमध्ये आहे. मुलांनी वडिलांचे ऐकले नाही, गुरूच शिष्यापुढे वाकला, ज्योत तीच राहिली आणि फक्त काया पालटली, अशा आशयाने ती हा प्रसंग सांगते. श्रद्धेने लिहिलेली असली तरी ती या घटनेची बऱ्याच जवळची साक्ष आहे. अंगद यांनीही मुलाला डावलून अमरदास यांना गादी दिली. १५५२ साली ते गुरू झाले तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते, आपल्या गुरूपेक्षाही वयाने मोठे. अमरदासांनी जावई रामदास यांना निवडले. तिथून पुढे मात्र गादी सोढी घराण्यातच राहिली. आणि हेही सांगायला हवे की दहाही गुरू खत्री होते.

एवढे असूनही पहिल्या निवडीचा परिणाम मोठा झाला. कबीरांची पदे गाणारे अनेक होते, पण त्यांची खरी पदे कोणती हे सांगायला अधिकृत कोणी नव्हते. नानकांची बाणी अंगदांकडे आली. त्यांच्या काळात ती गुरुमुखी लिपीत स्थिरावली, अमरदासांच्या काळात गोइंदवालच्या पोथ्यांत उतरली आणि १६०४ मध्ये गुरू अर्जन यांनी अमृतसरला ग्रंथ सिद्ध केला; तेगबहादुरांची पदे त्यात नंतर आली. या ग्रंथात गुरूंखेरीज शेख फरीद, कबीर, रविदास, नामदेव, त्रिलोचन आदी पंधरा भगतांची पदे आहेत आणि त्यांच्याशी संवादही आहे. फरीदांच्या श्लोकात देह तापवण्याची, वैराग्याची कठोर भाषा येते तेव्हा लगेच खाली नानकांचा किंवा अमरदासांचा श्लोक येतो आणि सौम्यपणे दुसरी बाजू मांडतो. मुसलमान सुफीचा शब्द ग्रंथात ठेवायचा, त्याच्याशी असहमत व्हायचे आणि दोन्ही पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे, ही संपादनाची रीत आजही विरळाच आहे.

नामदेवांच्या बाबतीत तर महाराष्ट्राने या संपादनाचे ऋण मानायला हवे. ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत. आपल्या नामदेव गाथेत विष्णुदास नामा आणि पुढच्या इतर ‘नामां’च्या रचना इतक्या मिसळल्या की अभ्यासकांना ती गुंतवळ अजून सोडवावी लागते. पंजाबातले नामदेव १६०४ साली एका पोथीत बांधले गेले आणि तसेच राहिले. आपल्याकडे एकाच मुद्रिकेखाली अनेक कवी जमा झाले तेव्हा गोंधळ झाला. तिकडे एकाच मुद्रिकेखाली सहा कवी लिहीत होते, पण महल्याची खूण होती म्हणून गोंधळ झाला नाही. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला नामदेवांचे स्थान आहे. २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. त्या निमित्ताने आपल्याला घुमान आठवले. पंजाबातल्या छिंबा समाजाला, शिंपी-रंगाऱ्यांना, नामदेव कधी विसरावेच लागले नव्हते.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १६०६ मध्ये जहांगीरच्या आज्ञेने गुरू अर्जन यांना प्राण गमवावे लागले. सहावे गुरू हरगोविंद यांनी मीरी आणि पीरी, म्हणजे ऐहिक आणि पारमार्थिक अधिकाराच्या, अशा दोन तलवारी बांधल्या. १६७५ मध्ये दिल्लीत तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गोविंदसिंगांनी खालसा उभा केला. शेतकरी नानक आणि तलवारधारी गोविंदसिंग हे दोन वेगळे धर्म आहेत की काय, असा प्रश्न इतिहासकार विचारत आले. मला तसे वाटत नाही. बाबरवाणी लिहिणाऱ्याच्या परंपरेत जुलमाविरुद्ध कोणी उभे राहिले तर त्यात नवल नाही. आणि १७०८ मध्ये नांदेडला, गोदावरीच्या काठी, गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाला दिले तेव्हा शब्द हाच गुरू हा नानकांचा विचार शेवटास गेला. नावाचा वारसा माणसाकडून माणसाकडे जात होता तो पोथीकडे गेला आणि मराठवाड्याच्या भूमीवर गेला.

नांदेडचे सचखंड हजूर साहिब महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत बांधले गेले. जपजीतल्या पाचव्या खंडाचे नाव त्याला मिळाले, आणि आता नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसलाही. या गाडीतल्या प्रवाशांना वाटेतल्या स्थानकांवर लंगरचे जेवण मिळते. इथल्या हजुरी शिखांनी जुन्या पद्धती राखल्या आहेत : शस्त्रांना चंदन लावणे, दसऱ्याचा आणि होळीचा हल्लाबोल, आणि रोजची दिव्यांची आरती. नानकांच्या आरतीच्या पदात आकाशाचे तबक आणि चंद्रसूर्यांचे दिवे आहेत. तबक-निरांजनाची गरज नाही हा त्याचा रोख. तेच पद नांदेडला हातात दिवे घेऊन गातात. पंजाबातल्या काहींना हे खटकते. मला वाटते, एका परंपरेच्या दोन वयांची ही भेट आहे आणि तिला हात लावू नये.

कारण हात लावण्याचा इतिहास फार सुखाचा नाही. १८७३ मध्ये अमृतसरला सिंग सभा सुरू झाली. ख्रिस्ती मिशनरी आणि आर्य समाज यांच्या रेट्यात आपण नेमके कोण, हे सांगणे शिखांना भाग पडले. १८९८ मध्ये भाई काहनसिंग नाभा यांनी ‘हम हिंदू नहीं’ लिहिले. १९०९ चा आनंद विवाह कायदा, १९२० ची शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती, फेब्रुवारी १९२१ मध्ये नानकांच्या जन्मस्थानी महंताच्या माणसांनी केलेले शिखांचे हत्याकांड आणि १९२५ चा गुरुद्वारा कायदा हे पुढचे टप्पे. गुरुद्वारे भ्रष्ट महंतांच्या तावडीतून सुटले हे मोठेच काम झाले. शीख धर्म स्वतंत्र आहे हेही मला निर्विवाद वाटते. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदातल्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शिखांचाही समावेश केला आहे, त्याबद्दलची त्यांची तक्रार रास्त आहे. मात्र सीमा आखताना कुंपणावरची माणसे बाहेर गेली. हरजोत ओबेरॉय यांनी १९९४ च्या पुस्तकात ही प्रक्रिया उलगडून दाखवली आणि त्यांनाही मॅक्लाउड यांच्यासारखाच रोष पत्करावा लागला. केस न राखणारे, तरी नानकांना मानणारे नानकपंथी आणि सहजधारी पूर्वी पंजाब-सिंधभर होते. फाळणीनंतर सिंधी लोक उल्हासनगरला आणि पिंपरीला आले तेव्हा ग्रंथ साहिब बरोबर घेऊन आले. त्यांच्या दरबारांत ग्रंथ आणि देवतांच्या तसबिरी शेजारी शेजारी नांदल्या. २०२३ मध्ये इंदूरच्या सिंधी दरबारांत अशाच कारणावरून वाद झाला आणि ग्रंथाच्या अनेक प्रती परत कराव्या लागल्या. पिढ्यान्पिढ्या नानकांचे नाव घेणाऱ्या घरातून त्यांचा शब्द असा उठून जावा, याचे वाईट वाटते.

जातीचा हिशेबही मांडायला हवा. १२ ऑक्टोबर १९२० रोजी अस्पृश्य मानल्या गेलेल्या नवशिखांचा कडाह प्रसाद अमृतसरच्या हरिमंदिराच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, पुजाऱ्यांनी नाकारला आणि त्या संघर्षातून अकाली चळवळीला धार आली. म्हणजे नानकांनंतर चारशे वर्षांनी त्यांच्याच दारात पंक्तिप्रपंच उभा होता. येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर, १९३६ मध्ये, डॉ. आंबेडकर शीख धर्माचा गंभीरपणे विचार करत होते. अमृतसरच्या परिषदेला ते स्वतः गेले, काही अनुयायांना तिथे अभ्यासाला पाठवले आणि माटुंग्याचे गुरू नानक खालसा कॉलेज १९३७ मध्ये त्याच संबंधातून उभे राहिले. शेवटी ते त्या वाटेने गेले नाहीत. राजकीय सवलतींचा प्रश्न आणि पंजाबातल्या जातीचे वास्तव, ही दोन्ही कारणे सांगितली जातात. २०११ च्या जनगणनेत पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण जवळपास ३२ टक्के होते, देशात सर्वाधिक. अनेक गावांत आजही गुरुद्वारे वेगळे, स्मशाने वेगळी. २००९ मध्ये व्हिएन्नाच्या रविदास मंदिरात संत रामानंद यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी रविदासियांच्या एका मोठ्या गटाने स्वतःचा वेगळा धर्म आणि वेगळा ग्रंथ जाहीर केला. ज्या ग्रंथाने रविदासांची पदे चारशे वर्षे जपली, त्याच्यापासून रविदासांचे लोक दूर गेले.

रावीपलीकडचे कर्तारपूर फाळणीत पाकिस्तानात राहिले, सीमेपासून जेमतेम साडेचार किलोमीटरवर. बहात्तर वर्षे भाविक डेरा बाबा नानकच्या काठावरून दुर्बिणीतून त्याचे दर्शन घेत. ९ नोव्हेंबर २०१९ ला, साडेपाचशेव्या जयंतीच्या निमित्ताने, मार्गिका खुली झाली. तिथे नानकांची समाधी आहे आणि कबरही आहे; हिंदू आणि मुसलमान दोघांनी त्यांना आपापल्या रीतीने निरोप दिला, ही आठवण दोन्ही खुणा सांभाळतात.  दोन्ही देशांचे संबंध बिघडले तेव्हा, मे २०२५ मध्ये, ही मार्गिका बंद झाली.

स्त्रियांबद्दल नानकांचा शब्द स्वच्छ आहे. राजे जिच्या पोटी जन्मतात तिला हीन कसे म्हणता, असा प्रश्न त्यांनी ‘आसा दी वार’मध्ये विचारला. ही वार हरिमंदिरात रोज पहाटे गायली जाते. गाणारे सगळे पुरुष असतात. गाभ्यात स्त्रियांना कीर्तन करू द्यावे असा ठराव पंजाब विधानसभेने २०१९ मध्ये केला, त्यानंतरही रीत बदललेली नाही.

आणि मर्दाना. त्याच्या परंपरेतले मुसलमान रबाबी फाळणीपर्यंत, पिढ्यान्पिढ्या, हरिमंदिरात गुरुबाणी गात होते. माता खीवींच्या लंगरची आणि अंगदांच्या निवडीची साक्ष देणारे सत्ता आणि बलवंड याच वर्गातले होते. १९४७ मध्ये ही घराणी लाहोरकडे गेली आणि तिथे त्यांची बाणी ऐकायला संगतच उरली नाही. १९४५ मध्ये मान्य झालेल्या रहत मर्यादेनुसार, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेनुसार, संगतीत कीर्तन फक्त शिखाने करायचे असते. गेल्या काही दशकांत लाहोरच्या रबाबींनी अमृतसरला येऊन हरिमंदिरात गाण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. सत्ता-बलवंडांची वार मात्र ग्रंथ साहिबमध्ये आहे आणि रामकली रागात आजही गायली जाते.